थंडीतला नरनाळा: थांबे आखा, चढण आपोआप जमते

सातपुड्याच्या चढणीवर हिवाळ्यात माणसाला थंडी वाजते ती चालताना नाही, थांबल्यावर. एवढी एक गोष्ट नीट समजली की कपडे किती न्यायचे, किती वाजता निघायचं, पुढे कोणी चालायचं, हे सगळं तिच्या मागोमाग ठरत जातं. अकोला जिल्ह्यातला नरनाळा मित्रमैत्रिणींच्या गटाने पौषाच्या थंडीत कसा चढावा, ते इथे क्रमाने सांगतो. प्रत्येक सूचनेमागचं कारणही देतो, कारण ते कळलं की तोच हिशेब चिखलदऱ्याकडच्या गाविलगडावर, वैराटावर आणि पुढे कधी हिमालयातल्या बर्फावरही मांडता येतो.

डोंगर कसा आहे

अकोल्याहून अकोट, तिथून पोपटखेडवरून शहानूर हा नेहमीचा रस्ता. अमरावतीकरांना परतवाडा आणि अंजनगाव सुर्जीवरून अकोट गाठता येतं. अकोटपर्यंत पूर्णेच्या खोऱ्याची काळी, सपाट जमीन असते आणि तिच्या उत्तर टोकाला सातपुडा एकदम उभा राहतो. ही कड इतकी सरळ दिसते त्याचं कारण जमिनीच्या पोटात आहे. भूशास्त्रज्ञ ज्याला गाविलगड प्रस्तरभंग म्हणतात, ती भेग याच पायथ्याने गेली आहे. तिच्या दक्षिणेला नदीच्या गाळाचा जाड थर आहे आणि उत्तरेला लाव्हाचे थर उंचावलेले आहेत.

हे थर एकावर एक थिजलेल्या काळ्या दगडाचे. टणक थर कड्यासारखा उभा राहतो आणि मऊ थर झिजून सपाटी तयार होते. म्हणून इथली चढण एकसारखी नसते. थोडी उभी वाट, मग थोडी सपाटी, पुन्हा उभी वाट, अशी ती वर जाते. चढणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे, कारण थांबण्याच्या जागा डोंगरानेच ठरवून दिल्या आहेत.

नरनाळ्याची उंची समुद्रसपाटीपासून ३,१६१ फूट, म्हणजे ९६० मीटरच्या थोडी वर. पायथ्याच्या मैदानापेक्षा गड सहाशे मीटरांहून जास्त उंच आहे. मधला नरनाळा आणि त्याला जोडलेले जाफराबाद व तेलियागड असे तीन किल्ले मिळून हा गड होतो, त्यामुळे वरचा पसारा फार मोठा आहे. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने त्याची डागडुजी केली. नंतर वऱ्हाडच्या इमादशाहीचा मूळपुरुष फतहुल्ला इमादउल्मुल्क याच्या काळात, १४८७ साली, महाकाली दरवाजा उभा राहिला. अकबराच्या काळात नरनाळा हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं.

आज हा सगळा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो. गडाभोवतीचं नरनाळा अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं आणि त्याचं क्षेत्र १२.३५ चौरस किलोमीटर आहे. त्यामुळे पहिली पायरी परवानगीची. शहानूरच्या प्रवेशद्वारावर नोंद होते, शुल्क भरावं लागतं. प्रवेशाच्या वेळा, बंद असण्याचा वार, वाटाड्या घेण्याची अट आणि पायी सोडण्याचे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून आठवडाभर आधी अकोट वन्यजीव विभागाकडे चौकशी करा आणि मगच मित्रांना तारीख कळवा. पायी चढायला परवानगी नसेल त्या दिवशी गाडीने वर जाऊन गडाच्या पसाऱ्यातच दिवसभर चाला. पुढे सांगितलेलं सगळं तिथेही तसंच लागू पडतं.

हिवाळाच का, आणि कोणती वेळ

पावसाळ्यानंतर ओढे आटतात, जमीन घट्ट होते, गवत पिवळं पडून वाट दिसू लागते. या मुलखात डोंगर चढायला हेच दिवस बरे, याची एक मोठी साक्ष इतिहासात आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि मराठे यांच्यात अडगावची लढाई झाली. हे अडगाव आजच्या अकोला जिल्ह्यातलं. तिथून इंग्रज सेनापती ऑर्थर वेलस्लीच्या फौजा एलिचपूरकडे, म्हणजे आजच्या अचलपूरकडे, आणि पुढे गाविलगडाकडे वळल्या. गाविलगडाची दक्षिण बाजू मैदानावर उभी तुटलेली आहे, तर उत्तरेकडून तो पठाराला जोडलेला आहे. म्हणून वेलस्लीचा सहकारी स्टीव्हन्सन याची तुकडी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डोंगराला वळसा घालून, रस्ता स्वतः तयार करत, जड तोफा ओढत उत्तरेकडून लबाडा गावाशी पोचली. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला. ऐन पावसाळ्यात याच उतारावरून चिखलातून तोफा चढवणं किती अवघड गेलं असतं, हे इथली काळी माती तुडवलेल्या कोणालाही कळेल.

मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने उत्तम. डिसेंबरअखेरीस अकोल्याकडे सूर्य सात वाजायच्या थोडा आधी उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. हातात जेमतेम अकरा तास उजेड असतो आणि नाल्यांच्या खोलगट भागात साडेचारलाच सावली दाटते. म्हणून उजाडताना प्रवेशद्वाराशी हजर राहायचं, दुपारी दोनच्या आत माथा सोडायचा, आणि अंधाराआधी तास-दीड तास शिल्लक ठेवून खाली यायचं. हे वेळापत्रक गटातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असू द्या. वर पोचल्यावर ठरवू म्हणणारा गट हमखास उशिरा उतरतो.

खाली जास्त थंडी, वर कमी: पहाटेचा उलटा हिशेब

दिवसा उंचीप्रमाणे हवा थंड होत जाते, साधारण हजार मीटरला साडेसहा अंश. त्या हिशेबाने नरनाळ्याचा माथा मैदानापेक्षा चारेक अंशांनी थंड असायला हवा आणि दुपारी तो तसा असतोही. पहाटे मात्र पुष्कळदा उलटं असतं.

हिवाळ्यात उत्तरेची कोरडी हवा विदर्भावर येते, आकाश स्वच्छ असतं, वारा पडलेला असतो. अशा रात्री जमीन आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडते आणि तिला चिकटलेली हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती उतारावरून नाल्यानाल्याने खाली वाहते आणि खोलगट भागात साठते. त्यामुळे सूर्योदयाच्या आधी पायथ्याचा ओढा ओलांडताना हुडहुडी भरते आणि शे-दोनशे मीटर वर आलं की हवा चक्क सौम्य लागते. गडावरून दक्षिणेला पाहिलं तर याचा पुरावा डोळ्यांसमोर असतो. मैदानावर धुक्याचा आणि चुलींच्या धुराचा करडा पट्टा सपाट पसरलेला दिसतो. वरच्या उबदार थराने तो खाली दाबून धरलेला असतो. नऊ-दहा वाजेपर्यंत ऊन जमिनीला तापवतं आणि तो पट्टा विरतो.

गवतावर दव गोठण्यामागेही हेच कारण आहे. मोकळ्या आकाशाखाली गवताचं पातं आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होतं. त्यामुळे हवेचं तापमान तीन-चार अंश असतानाही पात्यावर पांढरा थर धरू शकतो. पहाटे अशा गवतावरून चालताना बूट आणि विजारीची टोकं ओली होतात. म्हणून जादा मोज्यांचा जोड ही हौस समजू नका, त्याची गरज पडते.

माथ्यावरचा वारा हा वेगळा भाग. झाडीत तो जाणवत नाही, तटावर मात्र तो अंगाभोवतीचा उबदार हवेचा थर उडवून नेतो. तापमान तेच राहतं, पण अंग फार भराभर गार पडतं.

अंगातली चूल

चढताना माणूस म्हणजे चालती चूल असतो. सत्तर किलोच्या माणसाने पाचशे मीटर उंची चढली तर निव्वळ वजन वर नेण्याचं काम सुमारे ८२ किलोकॅलरी भरतं. स्नायू मात्र खर्च केलेल्या ऊर्जेपैकी पाचवा ते चौथा हिस्साच कामाला लावू शकतात. उरलेली, म्हणजे अडीचशे ते सव्वातीनशे किलोकॅलरी, नुसती उष्णता होते. ती बाहेर टाकायला शरीर घाम काढतं. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, म्हणून एवढ्या चढणीत सहज अर्धा लिटर घाम जाऊ शकतो.

आता थांबा. दोन-चार मिनिटांत चुलीची आच चढतानाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते, पण सदरा ओलाच असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटीने उष्णता वाहून नेतं, वर घाम वाळणं चालूच राहतं. उष्णता तयार होणं थांबलेलं आणि बाहेर जाणं सुरू, अशा अवस्थेत वाऱ्याच्या तोंडावर बसलेला माणूस दहा अंशांतही कुडकुडू लागतो. म्हणून या चढणीची सगळी तयारी दोनच गोष्टींसाठी करायची: चालताना घाम कमी यावा आणि थांबताना अंग कोरडं व झाकलेलं राहावं.

कपडे: काढणं आणि घालणं

आपला मुलूख कापसाचा आणि घरात सुती कपडेच जास्त, पण अंगालगत सुती बनियन या चढणीला योग्य नाही. कापसाचा धागा घाम शोषतो आणि धरून ठेवतो. त्याऐवजी खेळाडू घालतात तसा लवकर वाळणारा पॉलिएस्टरचा टी-शर्ट अंगालगत घाला. त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, कारण लोकर थोडी ओलसर झाली तरी आत हवा धरून राहते. सर्वांत वर वारा अडवणारं पातळ जाकीट. एकच जाडजूड कोट घातला तर चढताना घामाने भिजाल आणि काढला तर गारठाल. तीन पातळ थर असले की गरजेप्रमाणे एकेक कमी-जास्त करता येतो. कानटोपी आणि हातमोजे खिशात ठेवा. वजन नगण्य, उपयोग फार.

एक नियम आवर्जून पाळा. निघताना थोडं हिव वाजत असलं पाहिजे. प्रवेशद्वाराशीच मस्त ऊब वाटत असेल, तर पहिल्या दहा मिनिटांत घाम फुटणार हे नक्की. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर सर्वांनी मिळून एकदा थांबावं, एक थर काढावा, बुटांच्या नाड्या पुन्हा बांधाव्यात. मग मोठ्या थांब्याला उलट करायचं: बसण्याच्या आधी जाकीट अंगावर, थंडी वाजायला लागल्यावर नव्हे. गमावलेली ऊब परत मिळवायला वेळ लागतो, असलेली राखणं सोपं असतं. शक्य असेल तर माथ्यावर कोरडा टी-शर्ट बदला.

सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायाने

चार-पाच जणांच्या गटात एक जण भराभर चढणारा असतो आणि एकाची दमछाक होते. नेहमी काय होतं, ते पाहा. भराभर चढणारा पुढच्या वळणावर जाऊन थांबतो. दहा मिनिटांनी मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो आला म्हणून सगळे लगेच उठतात. पुढच्याला दहा मिनिटं विसावा मिळाला, मागच्याला जराही नाही. प्रत्येक वळणावर हे होत गेलं की मागचा अधिकाधिक थकतो आणि पुढचा भरपूर घाम काढून, मग वाट पाहत बसून, गारठतो. दोघांचंही नुकसान होतं.

यावर उपाय साधा आहे. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा. पहिला वाट ओळखणारा असावा आणि त्याने मागच्याच्या श्वासावर कान ठेवून चालावं. सर्वांत मागे गटातला अनुभवी माणूस, ज्याच्या मागे कोणी राहायचं नाही. चाल अशी हवी की चालताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. या वेगाने घाम कमी येतो, थांबे कमी लागतात आणि एकूण वेळही फारसा वाढत नाही. हळू चालणाऱ्याबरोबर चालणं याला आपण मित्राची कदर म्हणतो आणि ती आहेच. थंडीत ती सगळ्या गटाची ऊबही राखते.

थांब्याचा वेळ शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायचा. छोटा थांबा तीन ते पाच मिनिटांचा, उभ्याउभ्याच, पाण्याच्या दोन घोटांपुरता. मोठे थांबे दोनच.

थांबे कुठे

नरनाळ्याला हे ठरवणं सोपं आहे, कारण शहानूर, मेहंदी आणि महाकाली असे दरवाजे ओळीने वाटेवर येतात. दरवाज्याशी गट एकत्र झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढं ठरवलं की कोणी हरवत नाही.

पहिला मोठा थांबा महाकाली दरवाज्याशी घ्यावा. तिथली भिंत वारा अडवते आणि पाहण्यासारखं इतकं आहे की वीस मिनिटं सहज जातात. हा सगळा दरवाजा कोरीव आहे. फिकट वालुकाश्मातली कमळं, पुढे काढलेले सज्जे आणि वर ठसठशीत अक्षरांत कोरलेला लेख. भोवतीच्या काळ्या दगडात हा फिकट दगड उठून दिसतो. आत शिरण्याआधी दरवाज्याची ठेवण पाहा. वाट अशी वळवली आहे की येणाऱ्याला सरळ धाव घेता येऊ नये.

दुसरा मोठा थांबा माथ्यावर, पण तटाच्या कडेला नाही. शक्कर तलावाच्या परिसरात किंवा एखाद्या पडक्या भिंतीच्या आडोशाला, ऊन येईल अशी जागा निवडा. आधी सर्वांनी अंग झाकायचं, मग शिदोरी सोडायची. जेवण झाल्यावर, अंग गरम असताना, नऊगजी तोफ आणि तटाचा फेरा पाहून घ्या.

बसण्यापूर्वी दगड नीट पाहा. थंडीत साप उन्हाने तापलेल्या दगडावर येऊन पडतात. पडक्या कमानींखाली आणि कड्यांवर आग्या मोहळ असतं. त्याच्या जवळ मोठ्याने ओरडणं, दगड मारणं, धूर करणं जिवावर बेतू शकतं. अत्तर किंवा उग्र वासाचा स्प्रेही त्या दिवशी नको. हा बिबट्या आणि अस्वलाचा रहिवास आहे. एकत्र राहा, नेहमीच्या आवाजात बोलत चाला आणि वाटाड्या थांब म्हणाला की थांबा. या रानात राहणाऱ्या कोरकू आणि गवळी माणसांना जंगलाच्या खुणा वाचता येतात, त्यांचा शब्द प्रमाण माना.

शिदोरी आणि पाणी

थंडीत तहान कमी लागते, पण कोरड्या हवेत श्वासातून आणि घामातून पाणी जातच असतं. माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्या आणि प्रत्येक थांब्याला दोन घोट प्या, तहान असो वा नसो. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. तीच जाणीव इथे बाळगायची.

खाणं थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. गूळ-शेंगदाणे आणि तीळगूळ लगेच उपयोगी पडतात, ते खिशात हवेत. माथ्यावर ज्वारीची भाकरी, ठेचा, झुणका. हे दिवस अमरावतीकडच्या संत्र्यांचे, म्हणून माणशी एखादं संत्रं. त्याच्या साली परत आणायच्या. थर्मासमध्ये गरम चहा न्या, कारण अभयारण्यात शेकोटी पेटवता येत नाही आणि वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते. दारूने ऊब येते हा समज घातक आहे. ती त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावते, क्षणभर गरम वाटतं आणि आतली उष्णता मात्र बाहेर निघून जाते.

एखादा मित्र अचानक गप्प झाला, अडखळू लागला, बोटांनी बटण लागेना, शब्द ओढल्यासारखे यायला लागले, तर त्याला थंडीने धरलं आहे. त्याला आडोशाला न्या, ओले कपडे बदला, टोपी घाला, गोड आणि गरम काही द्या, एकटं सोडू नका आणि सर्वांनी मिळून परत फिरा.

उतरण

चढताना दम लागतो, उतरताना गुडघे दुखतात, आणि घसरण्याचे प्रकार उतरतानाच जास्त होतात. सागाची मोठी वाळकी पानं मुरुमावर पसरलेली असतात. वरून ती घट्ट वाटतात, पाय पडला की सरकतात. पावलं आखूड टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, हातात काठी घ्या. उतरताना अंगात उष्णता कमी तयार होते आणि ऊनही कलत असतं, म्हणून चढताना काढलेला थर आता अंगावर हवा. क्रम तोच, हळू चालणारा पुढून दुसरा.

इथून बर्फाकडे

आपल्याकडची बरीच तरुण मंडळी आता डिसेंबर-जानेवारीत उत्तरकाशी जिल्ह्यातल्या केदारकंठासारख्या शिखरावर बर्फात चालायला जातात. तिथली उंची ३,८०० मीटरच्या आसपास, नरनाळ्याच्या जवळजवळ चौपट. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, तो इथे शिकता येत नाही. त्यासाठी टप्प्याटप्प्याने चढणं आणि जाणत्यांची सोबत लागते. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून असं शिक्षण देते.

बर्फाची साधनंही वेगळी. मळलेल्या, घट्ट झालेल्या वाटेवर बुटाखाली लोखंडी दात बांधतात. ताज्या, भुसभुशीत बर्फात मात्र पाय रुततो, तिथे जगभर पसरट चौकटीचे हिमजोडे वापरतात. त्यांचं काम दाबाच्या साध्या गणिताने चालतं. सत्तर किलोचं वजन बुटाच्या सुमारे २८० चौरस सेंटिमीटर तळव्यावर पडलं तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाव किलोचा भार येतो. तेच वजन सुमारे १,२०० चौरस सेंटिमीटरच्या चौकटीवर पसरलं की भार चौथ्या हिश्श्याहूनही कमी होतो आणि बर्फ माणसाला पेलतो. पण हिमजोडे घालून पाय उचलायला जास्त श्रम पडतात, म्हणजे घाम जास्त आणि थांबल्यावर गारठाही जास्त. थर काढण्या-घालण्याची शिस्त आणि गटाची एकसारखी चाल तिथे चुकली तर किंमत फार मोठी असते.

म्हणून बर्फाचं स्वप्न असेल तर आधी दोन-तीन हिवाळे आपल्या सातपुड्यात चाला. नरनाळा झाला की चिखलदऱ्याहून गाविलगड, मग वैराट. सामान घेण्याआधी आणि तारीख ठरवण्याआधी गटाने एक काम करावं: आपल्यात सर्वांत हळू कोण चालतो ते मोकळेपणाने ठरवावं आणि निघण्याची वेळ, थांबे, परतीची वेळ त्याच्या चालीने आखावी. असा आराखडा असलेला गट थंडीतही सगळाच्या सगळा वर पोचतो आणि उजेडात खाली येतो.